दवाखान्याचा कोपरा

मी अंगणवाडीत सेविका होते असं सांगितलं की शहरातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. खिचडी चांगली असते का, आणि पोरं रडतात का. खिचडी चांगली असायची, कारण ती आमची मदतनीस विमल करायची. पोरं रडतात, पण पहिला आठवडाच. पुढं वर्षभर रडायची पाळी बाईंची. मात्र आज मी यातलं काही लिहिणार नाही. एका कोपऱ्याबद्दल लिहिणार आहे. त्या कोपऱ्यामुळे माझ्या अंगणवाडीवर पोलिसासकट धाड पडली होती.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे उतरायचं, नाला ओलांडायचा आणि डोंगराच्या अंगाने चढायचं. तिथं कातकऱ्यांची वाडी आहे. मी रस्त्यालगतच्या गावातली, भातशेतीवाल्या कुणब्याच्या घरातली. नोकरीची सगळी वर्षं ही चढण चढले. वाडीत थोडी घरं, एक हापसा, एक समाजमंदिर आणि समाजमंदिराच्या पाठीला पाठ लावून आमची खोली. खोलीपुढं छोटी ओटी. ओटीवर दिवसभर सावली, म्हणून वाडीतली म्हातारी माणसं तिथंच बसलेली असायची. त्यांना मी कधी उठवलं नाही. पोरांना सांभाळताना तेवढीच चार डोळ्यांची मदत व्हायची.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मुरबाडला आमचं प्रशिक्षण लागलं. विषय होता, अंगणवाडीत शिक्षणाचे कोपरे कसे मांडायचे. शिकवायला आलेली मुलगी वयाने माझ्या धाकटीएवढी होती, पण तिला तिचा विषय नीट येत होता आणि समजावून सांगायचीही छान. ती म्हणाली, लहान मूल फळ्याकडे बघून शिकत नाही, हाताने शिकतं. म्हणून खोलीचे भाग करायचे. एका भागात ठोकळे, एका भागात चित्रांची पुस्तकं, एकात भातुकली, एकात दुकान किंवा दवाखाना. सामान मुलाच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. चित्रं मुलाच्या डोळ्यांसमोर, आपल्या नव्हे. प्रत्येक कोपऱ्यात थोडीच मुलं, आणि आठवड्याने अदलाबदल. बाईंनी फक्त बघायचं. हे असं कर, ते तसं कर, असं सांगायचं नाही. सगळ्यांत अवघड तेच. आम्ही बाया जन्मभर सांगण्याचंच काम करत आलो होतो.

शहापूरकडची एक सेविका उठून म्हणाली, "मॅडम, आमची अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरते. नुसते खांब आहेत, भिंती नाहीत. कोपरे कुठून आणू?"

मुलगी म्हणाली, "ताई, कोपरा भिंतीचा नसतो, मुलाच्या मनाचा असतो."

त्या सेविकेने वहीत लिहून घेतलं, "कोपरा – मनाचा," आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पण फोटो कशाचा पाठवायचा?"

माझ्या खोलीला भिंती होत्या आणि कोपरेही चार होते, पण एकही रिकामा नव्हता. एकात धान्याच्या गोणी, एकात लोखंडी कपाट, एकात वजनकाटा आणि चौथा दाराच्या मागे. विमलने आणि मी दोन दिवस ओढाओढ केली. कपाट पुढं सरकवून त्याच्या मागे पुस्तकांचा कोपरा केला. वजनकाट्याशेजारी ठोकळे मांडले. ठोकळे म्हणजे सुताराकडून आणलेले लाकडाचे तुकडे, घासून गुळगुळीत केलेले. दाराच्या मागे भातुकली. गोणी काही हलेनात. त्यामुळे दवाखान्याचा कोपरा बाहेर ओटीवर गेला. पुढचं सगळं या गोणींमुळे झालं.

दवाखान्याला मी माझ्या यजमानांचा जुना पांढरा शर्ट दिला, बाह्या कापून. बाटलीचं झाकण नाडीला बांधून छातीला लावायचं यंत्र केलं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून गुंडाळ्या केल्या. एका धुतलेल्या बाटलीत चुरमुरे भरले, ती औषधं. एक चटई अंथरली, ती खाट.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रशिक्षणात एक गोष्ट सांगायची राहिली आहे. डॉक्टर सगळ्यांना व्हायचं असतं, आजारी कोणालाच पडायचं नसतं. दवाखान्यात चार डॉक्टर आणि पेशंट एकही नाही. शर्टाच्या ओढाताणीत एक बटण गेलं. शेवटी शर्ट काजलच्या अंगात राहिला.

काजल म्हणजे वनिता आणि संतोष यांची थोरली मुलगी, वय पाच. बोलायची कमी, बघायची जास्त. शर्ट तिच्या पायाच्या घोट्यापर्यंत यायचा. ती ओटीवर उभी राहिली, पेशंट कुठं दिसतोय का बघितलं, आणि कडेला बसलेल्या भागीआजीकडे गेली.

भागीआजी समोरच्याच झोपडीत एकटी राहायची. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मुलगा कल्याणकडे कुठंतरी गेला तो फिरकला नव्हता. काजल तिला म्हणाली, "आजे, जीभ."

भागीआजीने जीभ काढली. काजलने बघितली. मग छातीला झाकण लावलं. मग म्हणाली, "खोकल." आजी खोकली. मग काजलने नखं बघितली, एक पाय बघितला, दुसरा पाय बघितला. हे ती माझ्याकडून शिकली होती. मी रोज सकाळी पोरांची नखं आणि पाय तपासायचे, आणि तिला वाटलं असणार, तपासणी म्हणजे हेच. शेवटी तिने बाटलीतून चुरमुरे काढून हातावर ठेवले. "दोन सकाली, दोन रातच्याला. भात खायाचा. हापशावर वाकायचा नाय."

दुसऱ्या दिवशी भागीआजी पोरांच्या आधी हजर. "गुडघ्याचा दुखना उतरला बाय," असं मला सांगून ओटीवर डॉक्टरची वाट बघत बसली.

मी मनात म्हटलं, असू दे. म्हातारीला कोणी हात लावून विचारत नाही, पोरीला पेशंट मिळाला. पण आठवडाभरात ओटीवर रांग लागायला लागली. काठ्या भिंतीला टेकवून म्हातारे ओळीने बसायचे. कोणाची पाठ, कोणाचा डोळा, कोणाला झोप नाही. गोमाआजा म्हणून एक होते, त्यांना काहीच होत नव्हतं. ते नुसती नाडी दाखवायला यायचे आणि काजलने "बरा हाय" म्हटलं की आल्यासारखे चुरमुरे खाऊन परत जायचे. काजल कोणाला घाई करायची नाही. प्रत्येकाची जीभ, खोकला, नखं, एक पाय, दुसरा पाय. विमल आतून खिचडी ढवळत म्हणायची, "ताई, चुरमुरे संपले. आज दवाखाना बंद ठेवायचा का?"

मग अदलाबदलीची वेळ आली. नियमच होता तो, आणि बरोबर होता. एका मुलाने एकाच कोपऱ्यात बसून राहू नये. मी काजलला ठोकळ्यांकडे पाठवलं. ती मुकाट्याने शर्ट काढून गेली. दवाखान्यात बारकू नावाचा मुलगा आला. त्याने शर्ट चढवला आणि येईल त्याच्या दंडात पेन्सिल खुपसायला सुरुवात केली. जीभ नाही, नखं नाही, थेट सुई.

तिसऱ्या दिवशी म्हातारे माझ्यापुढं आले. बोलायला गोमाआजा.

"बाय, ह्यो डॉक्टर नाय चालनार."

"का हो आजा?"

"नुस्ता टोचतो. इचारत नाय काय. आमाला आमचा डॉक्टर पायजे."

मी सांगितलं, "आजा, हा पोरांचा खेळ आहे. पाळीपाळीने सगळ्यांनी खेळायचा. खरा दवाखाना नाही हा."

गोमाआजांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "खरा हाय आसा कोन म्हनतो? खेल हाय म्हनून तं येतो. खऱ्याकडं कोन जाल?"

शेवटी तोडगा विमलने काढला. सकाळी पोरांची पाळी, नियमाप्रमाणे, बारकूसकट. खिचडीनंतर, पोरं घरी निघायच्या वेळेला, काजलने थोडा वेळ म्हाताऱ्यांना बघायचं. अंगणवाडीत दोन पाळ्यांचा दवाखाना सुरू झाला. आमच्या पर्यवेक्षिका मॅडम भेटीला आल्या तेव्हा नेमकी दुसरी पाळी चालू होती. रांगेकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि शेरा लिहिला, "कोपऱ्यांमध्ये लोकसहभाग उत्तम."

आता एका माणसाबद्दल सांगायला हवं. दर बाजाराच्या दिवशी वाडीत मोटरसायकलवरून एक जण यायचा. वाडी त्याला सुईवाला म्हणायची. तो डॉक्टर आहे असं तो सांगायचा, आणि त्याच्याकडे बॅग होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. ताप असो, पोटदुखी असो, तो सुई द्यायचा. जास्त वाटलं तर झोपडीच्या खुंटीला सलाइनची बाटली लावायचा. मी वाडीला पुष्कळदा सांगितलं होतं, याच्याकडून टोचून घेऊ नका, नर्सताई येतात त्यांना दाखवा. लोक हो म्हणायचे आणि टोचून घ्यायचे. काजलचा दवाखाना सुरू झाल्यावर मात्र त्याच्याकडे म्हातारी माणसं जाईनाशी झाली. त्याने एकाला विचारलं, "हल्ली कोणाकडे जाता?"

"आमचा डॉक्टर हाय. अंगनवाडीत बसतं."

"कोण? बाई आहे का?"

"हां, बायच हाय. औशिद फुकाट देतं."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सुईवाल्याने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. अंगणवाडीत कोणीतरी बाई परवान्याशिवाय दवाखाना चालवते, असा निनावी अर्ज त्याने वर पाठवून दिला. हे आम्हाला मागाहून कळलं.

त्या दिवशी खिचडी वाढून झाली होती. नाल्याकडून जीपचा आवाज आला. वाडीत जीप येते ती निवडणुकीला नाहीतर लसीला, म्हणून पोरं धावली. जीपमधून एक तरुण वैद्यकीय अधिकारी उतरले, त्यांच्यासोबत एक कर्मचारी आणि एक हवालदार. ओटीवर रांग बसलेली. अधिकाऱ्यांनी गोमाआजांना विचारलं, "डॉक्टर इथंच बसतात का?"

"इथंच."

"आत आहेत?"

"हात धुवाया गेलाय. तुमी बसा लायनीत."

हवालदार जीपचे हादरे खाऊन दमले होते. ते खरोखरच बसले.

मी बाहेर आले. अधिकाऱ्यांनी ओळख सांगितली, तक्रार आली आहे म्हणाले, आणि विचारलं, "इथं उपचार कोण करतं? नाव सांगा."

"काजल," मी म्हणाले.

"पूर्ण नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. कर्मचाऱ्याने लिहून घेतलं. "शिक्षण?"

"अंगणवाडी चालू आहे," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी तर खरं तेच सांगत होते. तेवढ्यात हात शर्टाला पुसत काजल आली. ओटीवर चढली, रांगेकडे बघितलं, नव्या माणसांकडे बघितलं. अधिकारी उभेच होते. ती त्यांना म्हणाली, "तू मागून आलास. तुझा नंबर मागं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते हवालदारांच्या शेजारी जाऊन टेकले. हसू येत होतं ते दाबताना त्यांची मान लाल झाली होती. पण तक्रार आली म्हणजे कागद करावा लागतो. कोपऱ्यात काय काय मिळालं त्याचा पंचनामा सुरू झाला. पांढरा अंगरखा एक, बाह्या नसलेला. तपासणी यंत्र एक, बाटलीच्या झाकणाचं. पट्ट्या, लुगड्याच्या. औषधाची बाटली एक, त्यात पांढऱ्या रंगाच्या, वजनाने हलक्या गोळ्या. कर्मचारी लिहिता लिहिता थांबला. "साहेब, गोळ्यांचं नाव काय घालू?"

हवालदारांनी हातावर थोड्या ओतून तोंडात टाकल्या. "चुरमुरे आहेत साहेब. ताजे आहेत."

"मुद्देमाल खाऊ नका," अधिकारी म्हणाले.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण काजलने शर्टाच्या खिशात हात घातला आणि प्लॅस्टिकची एक खरी सिरिंज काढली. पुढची सुई नव्हती, नुसती नळी. ही वस्तू मी ठेवलेली नव्हती आणि कधी बघितलीही नव्हती.

अधिकारी उठले. तिच्यापुढं उकिडवे बसले. आवाज अगदी हळू करून म्हणाले, "डॉक्टर, ही कुठं मिळाली?"

"नाल्याशी," काजल म्हणाली. "गाडीवरचा डॉक्टर टाकून जातो. लय हायेत. बारकूकडं पन हाय."

"गाडीवरचा कधी येतो?"

"बाजारच्या दिशी."

त्यांनी सिरिंज रुमालात गुंडाळून घेतली, काजलचे हात स्वतः साबणाने धुतले आणि बारकूकडचीही मागून घेतली. हवालदारांना त्यांनी नाल्याकडे पाठवलं. थोडक्यात सांगते, पुढच्या बाजाराच्या दिवशी सुईवाला आला तेव्हा हीच जीप नाल्याच्या वळणावर त्याची वाट बघत उभी होती. बोगस डॉक्टर वाडीत आहे ही त्याची तक्रार खरीच निघाली.

पण त्या दिवसाचं खरं काम अजून व्हायचं होतं. पंचनाम्याचे कागद चालू असताना काजलने आपली दुसरी पाळी सुरू केली होती. पाहुणे आले म्हणून पेशंट ताटकळत ठेवणं तिला पटलं नसावं. पहिला नंबर भागीआजीचा. जीभ झाली, खोकला झाला, नखं झाली. आजीने उजवा पाय पुढं केला. काजलने बघितला. "दुसरा."

आजीने तोच पाय मागे घेतला आणि पुन्हा पुढं केला. गेले पुष्कळ दिवस ती असंच करत असणार, आणि मुलीच्या ध्यानात आलं नव्हतं. आज आलं.

"ह्यो झाला. दुसरा."

"दुसरा बरा हाय गो."

"दुसरा."

"नाय म्हटला ना."

काजल लुगड्याच्या काठाजवळ वाकली आणि नाक वर करून म्हणाली, "आजे, वास येतं."

भागीआजीने दोन्ही हातांनी लुगडं दाबून धरलं. अधिकाऱ्यांनी कागद खाली ठेवला. ते उठणार एवढ्यात मी त्यांना हाताने थांबवलं. का थांबवलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बघायचं, मधे पडायचं नाही, ही सवय तोवर अंगात मुरली असावी. काजल तिथंच बसून राहिली. ओरडली नाही, ओढलं नाही. नुसती हात पुढं करून बसली. शेवटी म्हातारीने हळूच डावा पाय बाहेर काढला. फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं सोडलं तर दोन बोटं काळी पडलेली.

अधिकाऱ्यांनी पाय बघितला. साखर वाढल्याने असं होतं, म्हणाले. आजच्या आज मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला हवं, नाहीतर पाय जाईल, कदाचित म्हातारीच जाईल.

भागीआजी म्हणाली, "मी नाय येनार. तिकडं पाय कापतात."

त्यांनी समजावलं. मी समजावलं. विमलने समजावलं, रागावलीही. नाल्याकडून परतलेल्या हवालदारांनी आपल्या आईचा पाय कसा बरा झाला ते सांगितलं. म्हातारी ओटीच्या खांबाला मिठी मारून बसली. मग अधिकारी काजलकडे वळले. "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?"

काजलने पुन्हा एकदा पाय बघितला. तिने नर्सताईंना आपल्या आईशी बोलताना ऐकलेलं असणार, अगदी त्याच सुरात म्हणाली, "माझ्याकडं ह्याचा औशिद नाय. मोठ्या दवाखान्यात जावा लागल. मी चिठ्ठी देतो." आणि पुस्तकांच्या कोपऱ्यातून कागद आणून तिने त्यावर हिरव्या खडूने गोल, रेघा आणि एक पाय काढला.

भागीआजीने चिठ्ठी हातात घेतली. "तू पन चल," ती म्हणाली.

तर अशी आमची वरात निघाली. जीपमध्ये पुढं अधिकारी, मागे भागीआजी, तिच्या मांडीशी पांढऱ्या शर्टातली काजल, पोरीला एकटी कशी सोडू म्हणून वनिता, म्हातारीचं कोणी नाही म्हणून मी, आणि मुद्देमाल मांडीवर घेतलेले हवालदार. टोकावड्याच्या पुढं काजलला झोप लागली. हवालदारांनी तिच्या डोक्याखाली आपली टोपी ठेवली.

मुरबाडला केसपेपरच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "वय?"

"लय," भागीआजी म्हणाली.

"कोणी पाठवलंय?"

आजीने हिरव्या खडूची चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली. "आमच्या डॉक्टरनं."

बाईंनी चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली. अधिकारी मागून म्हणाले, "घ्या. माझ्यासमोर लिहिली आहे." ती केसपेपरला टाचली गेली.

दोन बोटं गेली. पाय राहिला. काही दिवसांनी भागीआजी वाडीत परत आली तेव्हा तिच्याबरोबर गोळ्यांची पिशवी होती, खऱ्या गोळ्यांची. त्या ती कोणाच्याही हातून घेत नव्हती. नर्सताईंनी मला समजावलं, मी गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्यायचे, आणि काजल त्या आजीच्या हातावर ठेवून गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

हे सगळं होईतो दिवाळी आली. दिवाळी झाली की वीटभट्टीचा मुकादम ट्रक घेऊन येतो. वाडीतली धडधाकट माणसं भट्टीवर जातात, ती पार पावसाच्या तोंडावर परततात. पोरांनाही घेऊन जातात, कारण ठेवणार कोणापाशी. मागे राहतात ती म्हातारी. दर वर्षी मी खोली सजवायचे आणि दर वर्षी दिवाळीनंतर तिथं धूळ बसायची. परत आलेली पोरं हाताला लागेल ते विटेसारखं थापायला बघायची. मी घरोघर जाऊन सांगायचे, पोरांना ठेवा. वनिता मला म्हणालेली, "बाय, मना काय आवडतं तिला तिथं धुरात घालाया? पन ठेवू कोनापाशी?" माझी अंगणवाडी दुपारी बंद होते. पोराला जेवण संध्याकाळीही लागतं.

ट्रक आला तो सकाळीच. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढायला लागल्या. मी निरोप द्यायला म्हणून लवकर गेले होते. वाटेच्या मधोमध भागीआजी चटई टाकून बसलेली. तिच्या मागे गोमाआजा आणि रांगेतली बाकीची. काठ्या आडव्या ठेवलेल्या.

मुकादम खाली उतरला. "काय झालं? उठा की बाजूला."

"डॉक्टर जायाचा नाय," भागीआजी म्हणाली.

"कोण डॉक्टर?"

तिने ट्रकवर गोधड्यांच्या गठ्ठ्यावर बसलेल्या काजलकडे बोट दाखवलं. मुकादमाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, माणसं न्यायला आलोय मी," तो म्हणाला. "डॉक्टर काय मी मागितला नाही."

"मंग उतरव."

संतोष खाली आला. म्हातारीसमोर उभा राहिला. "आजे, ती माझी पोर हाय. तिला ठेवू कुठं?"

"माझ्या घरात. दुसरा कुठं."

"आनि जेवाया?"

"मी रांधतो तिला. माझी गोली कोन देल मना? तू देशील भट्टीवरून?"

गोमाआजा मधे म्हणाले, "आनि माझी नाडी?"

संतोषला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. तो वनिताकडे बघायला लागला. वनिता ट्रकवरून उतरली. बराच वेळ ती दोघं बाजूला जाऊन बोलत होती. मुकादम घड्याळ बघत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि म्हातारी माणसं जागची हलत नव्हती. इतकी वर्षं माझ्या ओटीवर बसून राहिलेल्या या माणसांना मी सावलीसाठी बसणारी समजत होते. पोरांना ठेवायचं कोणापाशी, हा प्रश्न आया मला विचारत राहिल्या. ओटीवर बसलेल्यांना विचारावं असं कोणालाच सुचलं नाही. त्यांनाही नाही, काजलच्या हातची गोळी चुकायची वेळ येईपर्यंत.

काजलला खाली घेतलं. मग गोमाआजांनी आपल्या नातवाला, म्हणजे त्या टोचणाऱ्या बारकूलाच, हाताला धरून उतरवलं. आणखी एका म्हातारीने नात मागून घेतली. सगळी पोरं काही राहिली नाहीत. पण त्या वर्षी पहिल्यांदाच असं झालं, की दिवाळीनंतर मी अंगणवाडीचं दार उघडलं आणि कोपऱ्यांत पोरं येऊन बसली.

ट्रक सुरू झाला. थोडा पुढं जाऊन थांबला. वनिता पुन्हा उतरली, धुरळ्यातून धावत आली. मला वाटलं तिने मन बदललं. पोरीला उचलून नेणार. काजललाही तसंच वाटलं असावं, तिने माझा पदर धरला. वनिता भागीआजीसमोर थांबली, दम खाल्ला.

"आजे, सांगायचा राहिला," ती म्हणाली. "ही झोपेत लाथा मारतं. तुझ्या पायाला लागल."

"मारू दे," भागीआजी म्हणाली. "कोनी जवल झोपलाय, तेवढा तरी कलल."